१८ फुटी प्लाय-एपॉक्सी शिडाची होडी : केबिनचं छप्पर आणि सरकतं हॅच

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. १८ फुटी होडी, ९ मिमी मरिन प्लाय, आतून-बाहेरून एपॉक्सी. डेक बसला आहे. केबिनच्या दोन्ही बाजू आणि पुढचा-मागचा बल्कहेड, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंती, उभे आहेत. आता छप्पर.

मापं अशी : केबिनची लांबी १८०० मिमी, मागची रुंदी १५००, पुढची १२००. मागच्या रुंदीवर मध्याशी ९० मिमी उठाव. डोलकाठी छपरावरच, मागच्या बल्कहेडपासून १४५० वर. मागे सरकतं हॅच, म्हणजे आत उतरायची झाकणाची वाट, उघडीप ६२० रुंद आणि ६५० लांब. पुढे छपरावरच ४५० x ४५० चं बिजागरीचं हॅच.

प्रश्न :
१. १२ मिमीचा एकच प्लाय वाकवायचा की ६ मिमीचे दोन थर?
२. छपराखालच्या आडव्या तुळया जाड फळीतून गोल कापून काढल्या तर चालतील का?
३. छप्पर पूर्ण करून मग हॅच कापायचं ना?
४. सरकत्या हॅचमधून पाणी येतं ते नक्की कुठून?

काम रत्नागिरी जिल्ह्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाच्या आत छप्पर बंद करायचं आहे.

रंधापटाशी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहेत. हॅचची उघडीप शेवटी *कापायची* हे बरोबर, पण ती *आखायची* सगळ्यात आधी. पहिली तुळई चिकटवायच्या आत हॅचचं झाकण, त्याचे रनर (ज्यांवर ते सरकतं त्या पट्ट्या) आणि ते पूर्ण उघडल्यावर कुठवर जाईल हे सगळं कागदावर यायला हवं.

तुमच्याच मापांवर करून बघू. उघडीप ६५० लांब. झाकण पूर्ण पुढे सरकायला तेवढीच जागा आणखी लागते. म्हणजे रनर मागच्या बल्कहेडपासून जवळजवळ १३२० पर्यंत जातात. डोलकाठी १४५० वर. तिच्या पुढे केबिन संपेपर्यंत ३५० उरतात. त्यात ४५० चं हॅच बसणार कसं? ते छपरावरून काढा आणि पुढच्या डेकवर न्या. डोलकाठी आणि रनर यांच्यात १३० उरतात, त्यात डोलकाठीचा पाया आणि दोरांचे ब्लॉक. जमतं, पण दाटीवाटी होते. उघडीप ६०० केलीत तर तिथे १०० मिमी जास्त मिळतात आणि ६०० मधून माणूस आरामात उतरतो.

आता तुळया. फळीतून गोल कापू नका. ९० मिमीची गोलाई सरळ फळीतून काढली की टोकांजवळ रेषा तिरप्या कापल्या जातात आणि तुळई नेमकी तिथेच चिरते. वर १३०-१४० मिमी रुंद फळी लागते ती वेगळीच. ६ मिमी जाडीच्या सहा पट्ट्या साच्यावर वाकवून एकमेकींना चिकटवा, ३६ मिमी खोली आणि ३२ रुंदी.

साचा एकच करायचा. १५०० वर ९० मिमी उठाव म्हणजे त्रिज्या ३१७० मिमी. शेडमध्ये एवढा लांब परकार फिरवायला जागा नसेल तर मध्यापासून अंतरं धरून उंच्या घ्या : मध्याला ९०, २५० वर ८०, ५०० वर ५०, ७५० वर शून्य. खिळे ठोका, बारीक पट्टी वाकवा, रेष ओढा. साच्यातून सोडल्यावर तुळई थोडी उघडते. ढोबळ हिशेब असा की उठावाला थरांच्या संख्येच्या वर्गानं भागायचं. सहा थर, म्हणून ९० भागिले ३६, म्हणजे अडीच मिमी. साचा ९२-९३ चा करा.

सगळ्या तुळया याच साच्यावर, अगदी पुढच्या १२०० वाल्याही. फक्त लांबीला कापायच्या. १२०० रुंदीवर याच त्रिज्येचा उठाव ५७ मिमी येतो. मधली रेष पुढून मागे सरळ ठेवली तर छप्पर म्हणजे नळकांड्याचा तुकडा झाला, आणि नळकांड्यावर प्लाय न कुरकुरता बसतो. पुढेही ९० चाच उठाव द्यायचा हट्ट केलात की प्लायला पीळ पडतो. आणि मधल्या रेषेलाही लांबीच्या दिशेनं बाक दिलात तर प्लाय बसणारच नाही. मग ४० मिमीच्या अरुंद पट्ट्या जोडत बसावं लागतं.

सागरगोटा

छान प्रतिसाद. पहिल्या प्रश्नाचं मी घेतो.

१२ चा प्लाय ३.१७ मीटर त्रिज्येवर वाकतो, पण तो आयुष्यभर सरळ व्हायचा प्रयत्न करत राहतो, आणि तो सगळा ताण कडेच्या चिकटवणीवर येतो. ६ + ६ चे थर एकमेकांवर चिकटून सुकले की गोलाई त्यांच्यातच राहते, कडांवर ओढ राहत नाही. शिवाय तुमचं छप्पर मागे कमानीवरून मोजलं तर १५१५ आणि दोन्हीकडे १५ चा बाहेर आलेला काठ, म्हणजे १५४५. प्लायचा पत्रा १२२० रुंद. सांधा टळत नाही, आणि दोन थरांत सांधे एकमेकांपासून लांब ठेवता येतात.

कटिंग असं करा. वरच्या पापुद्र्याच्या रेषा होडीच्या लांबीला समांतर ठेवा, आडव्या ठेवल्यात तर प्लाय वाकायला फार जड जातो. खालचा थर : ७८० x १८५० चे दोन तुकडे, सांधा बरोब्बर मध्यावर. हा सांधा मागे हॅचच्या उघडीपीतच कापला जातो, उरतो तो फक्त पुढचा मीटरभर. वरचा थर : अख्खा १२२० चा पत्रा मध्ये, आणि कडेला १६५ च्या पट्ट्या. त्या पट्ट्या पहिल्या थरातून उरलेल्या ४४० च्या तुकड्यांतून निघतात. एकूण तीन पत्रे.

वजनाचं बघा. आपल्याकडचा गर्जनचा मरिन प्लाय घनमीटरला ७०० किलोच्या आसपास भरतो. तुमचं छप्पर साधारण २.४ चौरस मीटर, म्हणजे नुसता प्लायच २० किलो. ओकूमे या हलक्या लाकडाचा मिळाला तर १४-१५. एवढ्या छोट्या होडीत एवढ्या उंचीवरचे ५ किलो जाणवतात.

प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरिन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघाच, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. कडेनं नीट बघा, आतल्या पापुद्र्यांत फटी दिसतात का. नाण्यानं ठोकत जा, पोकळ ठिकाणी आवाज बसका येतो. एक बोटभर पट्टी कापून घरी उकळत ठेवा. मानकात ही चाचणी ७२ तासांची आहे. घरी तेवढा गॅस कोण जाळणार, पण वाईट माल पहिल्या सहा-आठ तासांतच पापुद्रे सोडायला लागतो.

ओहोटी

तुळयांना लाकूड कोणतं? इथे सगळे सागवान सांगतात. मुंबईत रे रोडला किंवा पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये दुसरं काही मिळेल का?

रंधापटाशी

सागवान चालतं, जड असलं तरी तुळया पाचच आहेत. पण सागाला तेल असतं. रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवा, चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. आठवडाभर रंधून ठेवलेल्या पट्ट्या चिकटवल्या की एपॉक्सी वरवर धरतं आणि पहिल्या उन्हाळ्यात सांधा उलतो. मरांटीचं आयात लाकूड किंवा गाठ नसलेला पाइन मिळाला तर तुळयांना तो हलका आणि चिकटायला सोपा. सागवान रनरसाठी राखून ठेवा, तिथे त्याचं खरं काम आहे.

पांढरा सुतारी डिंक मात्र नको, डब्यावर मरिन लिहिलेलं असलं तरी. वाकवलेल्या पट्ट्यांत कायम ताण असतो आणि पत्र्याखालच्या उन्हात तो डिंक हळूहळू सरकतो. तुळई महिन्यादोनमहिन्यांत चपटी झालेली दिसते.

नाखवा

डोलकाठीबद्दल कोणीच बोललं नाही. छपरावर डोलकाठी उभी करताय म्हणजे वाऱ्यात बाजूच्या तारा तिला खाली दाबतात, आणि तो दाब तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. १४५० वरची तुळई दुप्पट रुंद करा, ६४ मिमी. तिच्या खाली थेट तळाच्या कण्यापर्यंत खांब हवा, ६० x ६० लाकडाचा किंवा ४० मिमी स्टेनलेस पाइपचा. खांब केबिनमध्ये मध्ये येतो म्हणून टाळतात, मग छप्पर ४-५ मिमी बसतं, तारा ढिल्या पडतात आणि हॅच अडकायला लागतं. लोक मग हॅच घासत बसतात.

दुसरं. केबिनची बाजू आणि डेक यांचा सांधा आत्ताच बघून घ्या, छप्पर लागल्यावर तिथे हात जात नाही. 'सुहैली' आठवा. ३२ फुटी, सागवानाची, आपल्या मुंबईत बांधलेली. जून १९६८ मध्ये फॉलमथहून निघून ३१२ दिवसांनी न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. दक्षिण महासागरात एका लाटेनं ती आडवी केली तेव्हा तिची केबिन डेकवरून किंचित सरकली आणि कडेनं फट दिसायला लागली. ती एकट्यानं चालवणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनना उरलेला प्रवास ती केबिन सांभाळत करावा लागला. छप्पर, बाजू आणि बल्कहेड मिळून एक पेटी होते. आडवी लाट आली की ती पेटी डेकवरून ढकलली जाते. तुमच्या मापाच्या होडीत आतून २५ मिमी त्रिज्येचं फिलेट (कोपऱ्यात भरलेली एपॉक्सीच्या लुगदीची गोलाई) आणि त्यावर ३०० ग्रॅमच्या काचपट्टीचे दोन थर, एक ७५ रुंद आणि त्यावर १००, एवढं पुरे. पण ते सलग हवं, कोपऱ्यात तोडलेलं नको.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. पुढचं हॅच डेकवर नेतो, मागची उघडीप ६०० करतो. खांबाचं पटलं.

बाजूंच्या वरच्या काठाला आतून ३५ x २५ ची पट्टी लावली आहे. तिला छपराचा उतार कसा द्यायचा? कोन मोजून आणि टेबलसॉवर आधीच कापून?

रंधापटाशी

मागे उतार साधारण १४ अंश येतो, पुढे ११. मधे तो बदलत जातो, म्हणून टेबलसॉवर एकाच कोनात कापून चालणार नाही. जागेवरच करा. तुळया बसवून झाल्या की एक २ मीटरची, ६ मिमी जाडीची लवचिक पट्टी आडवी टाका, तुळयांच्या गोलाईवर वाकवून दोन्ही काठांवर टेकवा. पट्टी आतल्या कोपऱ्यावर टेकते आणि बाहेर फट दिसते का, की उलट, ते बघत रंधा मारत जा. दर १०० मिमीला एक जागा बरोबर करून पेन्सिलीनं खूण करा, मग खुणांच्या मधलं उतरवा. दोन तासांचं काम आहे. अर्ध्या मिमीची फट एपॉक्सीची लुगदी भरून काढते, ३ मिमीची नाही.

डोलकाठी

हॅचची चौकट कशी करायची ते राहिलं.

उघडीपीच्या पुढच्या टोकाला एक पूर्ण तुळई, तुमच्या नव्या मापात मध्य ६२० वर. तिच्यापासून मागच्या बल्कहेडपर्यंत उघडीपीच्या दोन्ही कडांना लांबीच्या दिशेनं दोन कार्लिन, म्हणजे आखूड तुळया, ४० x ३२. आता ३१० वर जी तुळई आहे ती शेवटी अर्धी-अर्धी होणार आहे. पण ती *आत्ता तोडू नका*. ती अखंड आरपार जाऊ द्या, कार्लिन तिच्या दोन्ही बाजूंना तुकड्यांत बसवा. प्लायचे दोन्ही थर चिकटून सुकले की मगच मधला भाग कापा. आधीच तोडली तर अर्ध्या तुळया प्लायच्या दाबानं खाली बसतात आणि हॅचच्या दोन्ही बाजूंना छप्पर चपटं होतं. मग रनर सरळ बसत नाहीत, आणि तिथून पुढे काहीच सरळ होत नाही.

कापायचं असं : खालून चारही कोपऱ्यांत १० मिमीची भोकं, जिगसॉनं आतून ५ मिमी सोडून कापा, मग ट्रिमरला बेअरिंगवाली बिट लावून कार्लिनला टेकवून फिरवा. काठ आरशासारखा येतो.

सागरगोटा

आता प्लाय चिकटवणं, कारण सगळे इथे फसतात.

आधी कोरडं बसवून बघा. खालच्या थराचे तुकडे जागेवर स्क्रूनं धरा, खालून तुळयांच्या कडा पेन्सिलीनं मारून घ्या. प्लाय काढा, टेबलावर उलटा टाका, तुळया येणार तेवढ्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा आणि बाकी सगळ्या खालच्या पृष्ठभागाला एपॉक्सीचे दोन हात द्या, घासा, प्रायमरही मारून टाका. हे नंतर केबिनमध्ये उताणं पडून, डोक्यावर हात करून करावं लागतं तेव्हा या सूचनेची किंमत कळते.

चिकटवताना आधी दोन्ही पृष्ठांना नुसतं एपॉक्सी रोलरनं, ते लाकडात मुरू द्या. मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं. दोन थरांच्या मध्ये घालायचं ते आमरसासारखं हवं, दाताळ्या पट्टीनं पसरता आलं पाहिजे. तुळयांवर आणि फिलेटला चक्क्यासारखं, पट्टी उलटी केली तरी पडता कामा नये. दोन थरांच्या मध्ये चौरस मीटरला ४०० ते ५०० ग्रॅम धरा. ओलं करायचं धरून तुमच्या छपराला २ किलोच्या आसपास. छपरावर वरून चढवायच्या काचकापडाला आणखी दीड किलो लागेल, ते वेगळं.

वरच्या थरात दर २०० मिमीवर ३ मिमीची भोकं पाडून ठेवा. दाब दिला की मधली हवा तिथून निघते आणि लुगदी वर आली की कळतं की खाली भरलं आहे. ज्या भोकातून काहीच आलं नाही तिथे पोकळी आहे, इंजेक्शनच्या सिरिंजनं एपॉक्सी सोडा.

दाबासाठी काळे ड्रायवॉल स्क्रू, दर १५० मिमीला, प्रत्येकाखाली ५० x ५० चा प्लायचा तुकडा आणि त्यावर गुंडाळलेली पॅकिंगची चिकटपट्टी. सुरुवात मध्यापासून, बाहेरच्या काठाकडे. उलट केलंत तर मध्ये फुगा अडकतो. १२ तासांनी सगळे स्क्रू काढा. एखादा अडकला तर सोल्डरिंगची गरम इस्त्री डोक्याला मिनिटभर धरा, सुटतो.

ओहोटी

ते स्क्रू आत ठेवले तर? स्टेनलेसचे लावले तर गंजणार नाहीत ना?

नाखवा

स्टेनलेसला हवा लागते. ओल्या लाकडात, हवा न मिळणाऱ्या जागी, त्याला खड्डे पडून गंज चढतो, बाहेरून डोकं चकचकीत दिसतं आणि आत दांडा अर्धा खाल्लेला. बाजारात हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बहुतेक ३०४ प्रतीचं, खाऱ्या पाण्यासाठी ३१६ हवं. लोहचुंबकानं दोन्हींतला फरक कळत नाही, मॉलिब्डेनमच्या टेस्टच्या थेंबांनी कळतो. आणि एपॉक्सी सुकल्यावर त्या स्क्रूंना काही कामच उरत नाही, मग कशाला शंभर भोकं छपरात ठेवायची?

डोलकाठी

कोकणातल्या हवेचं लिहितो, परदेशी व्हिडिओंत हे सापडत नाही.

तापमान १० अंशांनी वाढलं की एपॉक्सीचा वापरायचा वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. ३३ अंशाला फास्ट हार्डनर (एपॉक्सीत मिसळायचं, लवकर सुकवणारं द्रव्य) म्हणजे हातात पेटलेला मग. स्लो घ्या, २०० ग्रॅमच्या वर एका वेळी कालवू नका, आणि कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता. मगमध्ये ठेवलं की स्वतःच्या उष्णतेनं धूर काढतं.

पहिला हात लाकडाला संध्याकाळी द्या, ऊन उतरताना. सकाळी दिलात तर दिवसभर लाकूड तापतं, त्यातली हवा बाहेर येते आणि एपॉक्सीत हजार बुडबुडे. उतरत्या उन्हात लाकूड हवा आत ओढतं, त्याबरोबर एपॉक्सीही.

दमट हवेत सुकलेल्या एपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो *घासायचा नाही*, आधी पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं धुवायचा. न धुता पॉलिश पेपर मारला तर तो थर आत रगडला जातो आणि पुढचा हात किंवा रंग सोलून निघतो. मे महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत चिकटवायला काढू नका, मध्यापर्यंत संपवा.

आणि रंग पांढरा किंवा फिका. वार्निश करून लाकूड दाखवायचा मोह होतो. पण गडद पृष्ठ एप्रिलच्या उन्हात ६० अंशांच्या वर जातं, आणि घरगुती तापमानाला सुकवलेलं एपॉक्सी ५०-६० च्या आसपास मऊ पडायला लागतं. मग काचकापडाची वीण वर उमटते.

खाडीकाठ

मेची तारीख लक्षात ठेवतो. आता सरकत्या हॅचचं सविस्तर सांगा, पाणी कुठून येतं?

नाखवा

तीन जागांहून. पुढून, झाकणाखालून. कडेनं, रनरच्या खोबणीतून. आणि मागून, झाकण आणि दाराच्या फळ्या यांच्या मधून. तिसरी सगळ्यात कमी त्रासाची. पहिली सगळ्यात वाईट, कारण लाट पुढून येऊन छपरावरून धावते.

पुढचं अडवायला : उघडीपीच्या पुढच्या काठावर छपराला ३० मिमी उंच पट्टी, कोमिंग, चांगली चिकटवून. झाकणाच्या पुढच्या तोंडाला खाली लोंबणारी फळी, कोमिंगच्या *पुढे* येणारी, छपरापासून ३ मिमी वर. झाकण पुढे सरकताना ती कोमिंगपासून दूर जाते, अडत नाही. झाकणाच्या मागच्या फळीनं मात्र कोमिंगला येऊन टेकायचं, तोच उघडण्याचा थांबा. याच्या वर घर, म्हणजे झाकण ज्याच्याखाली सरकतं ते स्थिर आवरण, लावलंत तर धावतं पाणी मुळात आत शिरतच नाही. आवरण ४ मिमीच्या दोन थरांचं पुरे, पण पुढच्या तोंडाला तळाशी दोन्ही कोपऱ्यांत पाणी निघायला फट ठेवा.

कडेचं पाणी पूर्ण अडवायचा नाद सोडा. ते आत येणार असं धरून त्याला वाट द्या. रनर आणि उघडीपीचा काठ यांच्यात २० मिमीची जागा, उघडीपीच्या काठाला कोमिंगएवढ्याच उंचीची कड, आणि रनरच्या मागच्या टोकाला तळाशी १० x ६ ची खाच. पाणी कॉकपिटमध्ये, म्हणजे केबिनमागच्या उघड्या बसायच्या जागेत, पडतं.

रंधापटाशी

+१. खाच फक्त मागे नको, पुढेही एक. होडी नांगरावर असताना कोणाच्या वजनानं नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली झुकली तर पाणी पुढच्या टोकाला साचतं, आणि साचलेलं पाणीच सागवानाच्या बुडातून मुरतं.

रनरची मापं : सागवान, ३५ रुंद, ४० उंच, लांबी १२२०. रनर उभा ताठ हवा पण छप्पर उतरतं, म्हणून बुडाला ६ अंशांचा तिरपा रंधा. दोन्ही रनर एकमेकांना समांतर आहेत का ते तीन ठिकाणी मोजा, आणि कर्ण मोजा. कर्णांत २ मिमीच्या वर फरक असेल तर चिकटवू नका. हॅच अडकायचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच असतं. कोरडं बसवा, झाकण दहा वेळा सरकवा, मग चिकटवा.

रनरच्या माथ्यावर आतल्या बाजूला १० मिमी पुढे येणारी पितळी किंवा स्टेनलेस पट्टी, आणि झाकणाच्या कडेला तिच्याखाली जाणारी खाच. झाकण उलट्या होडीतही सुटता कामा नये. दोन्ही बाजूंना ३ मिमी आणि उभ्यात २ मिमी मोकळं सोडा. फेब्रुवारीत अगदी बेताचं बसवलेलं झाकण जुलैत हलत नाही.

ओहोटी

सरकायला नायलॉनची पट्टी लावली तर?

सागरगोटा

नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. एचडीपीई किंवा अ‍ॅसिटल प्लास्टिक घ्या. स्वयंपाकघरातला पांढरा भाजी कापायचा प्लास्टिकचा बोर्ड बहुतेक एचडीपीईचाच असतो, त्यातून ६ मिमीच्या पट्ट्या निघतात. त्याला काहीही चिकटत नाही, म्हणून काउंटरसिंक स्क्रूनंच लावा, डोकी २ मिमी आत.

झाकणाचा माथा बनवायला वेगळा साचा करू नका, छप्परच साचा. उघडीप कापायच्या *आधी* छपरावर प्लास्टिकचा कागद अंथरा आणि त्यावर ४ मिमीचे तीन थर स्क्रू-पट्ट्यांनी दाबून चिकटवा. बरोबर तीच गोलाई मिळते. थोडी उघडेल, पण पुढची-मागची फळी त्याच गोलाईत कापून चिकटवली की परत बसते.

डोलकाठी

पुढच्या डेकवरच्या हॅचचं दोन ओळींत : बिजागरी पुढच्या काठाला, म्हणजे लाट आली तर झाकण बंद होतं. कोमिंग ४०. उघडीपीचे कोपरे ७५ मिमी त्रिज्येचे, चौकोनी कोपऱ्यातून डेक तडकतो. रबर ईपीडीएमचं, पाव ते एक तृतीयांश दबेल एवढंच, आणि त्यापेक्षा जास्त दबू नये म्हणून लाकडी टेका द्या. बिजागरीखाली दबलेल्या रबराच्या जाडीएवढा ठोकळा हवा. नाहीतर बिजागरीकडे रबर चिरडतं आणि कडीकडे टेकतच नाही. बघायचं असेल तर कोमिंगच्या माथ्यावर निळा खडू घासा, झाकण लावून कडी घाला, उघडा. रबरावर निळी रेघ जिथे तुटली तिथून पाणी येणार.

वर अ‍ॅक्रिलिक लावणार असाल तर १० मिमी. ५०० मिमीचा तुकडा रात्र आणि दुपार यांच्यात मिलिमीटरभर वाढतो, म्हणून बोल्टची भोकं २ मिमी मोठी आणि चपट्या डोक्याचे बोल्ट वॉशरसह, काउंटरसिंक नाही. सीलंट न्यूट्रल सिलिकॉन. पॉलिसल्फाइड अ‍ॅक्रिलिकला खातं.

खाडीकाठ

एक राहिलं. रनर आणि फिटिंगच्या बोल्टची छपरातली भोकं, ती कशी बंद ठेवायची?

सागरगोटा

रनर चिकटवा, बोल्ट नकोतच. ब्लॉक, हातकठडा वगैरेंसाठी ६ मिमीचा बोल्ट असेल तर आधी १२ चं भोक, खालून टेप, एपॉक्सीची लुगदी भरा, सुकू द्या, मग तिच्यातून ६ चं भोक. प्लायच्या कडेला पाणी शिवतच नाही. वरून भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकचा एक फेरा द्या म्हणजे सीलंटचं कडं तिथे बसतं. नट एकदम घट्ट करू नका, सीलंट सगळं बाहेर निघतं. सीलंट म्हणून ब्यूटाइल टेप (न सुकणारी चिकट रबरी पट्टी) असेल तर दोन दिवस थोडं थोडं आवळत जा.

हीच गोष्ट उघडीपीच्या कापलेल्या काठाची. ती प्लायची उघडी कड आहे, एपॉक्सीचे तीन हात, प्रत्येक हात आधीचा चिकट असतानाच.

नाखवा

पाण्याची चाचणी रंगाच्या आधी घ्या, नंतर नाही. बादलीनं वरून ओतून काही कळत नाही, पाणी खाली पडतं एवढंच. बागेची नळी पुढून, छपराला जवळजवळ समांतर धरा, पाच मिनिटं, एकजण आत टॉर्च घेऊन. आत आधी उघडीपीच्या भोवती वर्तमानपत्राचा कागद चिकटवून ठेवा, थेंब कुठून आला ते डागावरून कळतं.

आणि झाकण मागे बंद करताना अडवणारा जो थांबा रनरच्या मागच्या टोकाला लावाल, तो एपॉक्सीनं चिकटवू नका. दोन स्क्रूंवरच ठेवा. झाकण रंगवायला किंवा एचडीपीई बदलायला बाहेर काढायचं तर ते तिथूनच निघतं.

खाडीकाठ

हे डोक्यात आलंच नव्हतं, थांबा चिकटवायलाच निघालो होतो. उद्या साच्याची रेष मारतो : ९२, ८२, ५१, ०. बरोबर?

रंधापटाशी

बरोबर. ५१ च्या जागी ५२ झाली तरी रडू नका, पण दोन्ही बाजूंना सारखीच झाली पाहिजे.